बिनआवाजाचा व्हिडिओ गेम

माझ्या वयाची माणसं हल्ली एकमेकांना फोनवर जुन्या व्हिडिओ गेमच्या धून पाठवतात. आमच्या शाळेच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी कुणीतरी ती टिंगटिंगटिंग वाजणारी चार सेकंदं टाकतं आणि खाली सगळे लिहितात, अंगावर काटा आला, मे महिना आठवला, कॅसेटला फुंकर मारायचो ते आठवलं. मी ती धून ऐकतो. कधी दोनदा ऐकतो. मला काहीच आठवत नाही. एका अख्ख्या उन्हाळ्यात मी रोज तीन तास तो खेळ खेळलो आहे, त्यातलं कुठल्या झाडामागून कोण बंदूक रोखतो ते मला आजही फळ्यावर काढून दाखवता येईल, पण त्याला संगीत होतं हे मला फार उशिरा कळलं. आम्ही आवाज पूर्ण बंद ठेवून खेळायचो. का, ते सांगायचं तर मला माझ्या अप्पांबद्दल सांगावं लागेल, आणि ते सांगायचं मी पन्नाशी उलटेपर्यंत टाळलं.

तो व्हिडिओ गेम अमोलचा होता. अमोलचे वडील बँकेत अधिकारी, बदलीवर सोलापुरात आलेले. विजापूर रोडला पाण्याच्या टाकीजवळ त्यांनी भाड्यानं बंगला घेतला होता. मी स्कॉलरशिपच्या परीक्षेत आलो म्हणून मला गावातल्या चांगल्या हायस्कूलमध्ये घेतलं होतं आणि तिथं अमोल माझ्या बाकावर बसायचा. त्याच्या मामानं परदेशातून आणलेलं ते पांढरं-लाल यंत्र हॉलमध्ये टीव्हीखाली एका भरतकामाच्या रुमालावर ठेवलेलं असायचं. त्याला वायरने जोडलेले दोन रिमोट. पहिल्या रिमोटवर खेळ सुरू करायचं बटण होतं, दुसऱ्यावर ते नव्हतंच. म्हणजे दुसरा रिमोट हातात असलेल्यानं नुसतं तयार राहायचं, सुरू अमोल करणार. पण दुसरा रिमोट हातात येणं हीच केवढी गोष्ट होती. वर्गातली निम्मी पोरं त्यासाठी अमोलची वही पूर्ण करून द्यायला तयार होती. वाळ्याचा कूलर, गार फरशी, चार वाजता काकूंनी दिलेलं लिंबाचं सरबत आणि पडद्यावर जंगलातून धावणारे दोन बंदूकवाले. एकेकाला तीन जान. आम्ही सगळे ‘जान’च म्हणायचो. हा शब्द आमच्यातल्या इरफानचा. इरफानच्या घरी तीन टेम्पो होते, त्यातला एक त्याचे अब्बा स्वतः चालवायचे, आणि हे तो कुणी न विचारता सांगायचा.

अडचण होती अमोलच्या आजोबांची. ते दुपारी एक ते चार झोपायचे, हॉलला लागूनच्या खोलीत, दाराला नुसता पडदा. म्हणून काकूंची अट अशी की टीव्हीचा आवाज शून्यावर आणि पोरांचाही शून्यावर. एक जरी ओरडला तरी मशीन कपाटात. आता दोघांनी मिळून खेळायचा खेळ न बोलता कसा खेळणार? पुढे जा, थांब, वरून येतोय, तुझी एक जान मला दे की, हे सगळं सांगायला लागतं. पहिले चार दिवस दबलेल्या आवाजात भांडणं झाली आणि मशीन दोनदा कपाटात गेलं. मग मी त्यांना मागावरचं बोलणं शिकवलं.

आमचे अप्पा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर होते. आम्ही मूळचे वळसंगचे, पण तिथल्या कोरडवाहू तुकड्यावर दोन भावांची पोटं भरेनात म्हणून अप्पा सोलापुरात आले आणि मागावर उभे राहिले ते उभेच राहिले. एका शेडमध्ये चोवीस माग. त्या आवाजात समोरच्या माणसाच्या कानात तोंड घालून ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून तिथं कुणी ओरडत नाही. ओठ सावकाश, मोठे हलवून बोलतात, आवाज न काढता, आणि वीस फुटांवरचा माणूस ते वाचतो. जोडीला हात. चिमूट धरून झटक्यानं सोडली की धागा तुटला. मूठ तळव्यावर आपटली की धोटा अडकला. शर्टाची कॉलर चिमटीत धरली की मालक आले. शेडमध्ये कानडी बोलणारे होते, तेलुगू बोलणारे होते, मुसलमान होते, पण ओठांची भाषा सगळ्यांची एक झाली होती. एकदा एका लग्नात बँड अगदी कानाशी वाजत असताना अप्पा आणि त्यांचे जोडीदार मांडवाच्या दोन टोकांना बसून निवांत गप्पा मारत होते, आणि आई आत्याला म्हणाली, बघ, ह्यांना बँड वाजला की निवांत वाटतंय.

घरी मात्र अप्पा मोठ्यानं बोलायचे. कान हळूहळू जात होते. शेजारी नव्यानं आलेल्या भाडेकरूंना वाटायचं आमच्याकडं रोज भांडण आहे. प्रत्यक्षात अप्पा भाकरी मागत असायचे. पाळीवरून आले की केसांत, भुवयांत, कानाच्या पाळ्यांवर सुताची पांढरी बारीक फुसफुस बसलेली असायची. दारात उभे राहून ते आधी ती झटकायचे, मग घशातली फुसफुस खाली जावी म्हणून गुळाचा खडा तोंडात टाकायचे, आणि मग कडक भाकरी आमटीत चुरून, वर शेंगाची चटणी घेऊन जेवायला बसायचे. मी लहान असताना ते मला समोर बसवून ओठांचा खेळ खेळायचे. ते आवाज न काढता एक शब्द बोलणार, मी ओळखायचा. ‘बैल’, ‘मैल’ आणि ‘पैल’ यांत मी नेहमी फसायचो. ते म्हणायचे, ओठाकडं नुसतं बघू नको, गालाकडं बी बघ. मला वाटतं, ते मला काहीतरी शिकवू शकत होते अशी ती एकच गोष्ट होती. बाकी सगळं शाळा शिकवत होती.

तेच मी अमोलच्या हॉलमध्ये खर्च केलं. आठवड्याभरात आम्ही तिघं पटाईत झालो. धागा तुटल्याची खूण म्हणजे जान गेली. कॉलरची खूण म्हणजे स्टेजच्या शेवटी येणारा तो अजस्र राक्षस आला. इरफान आधी कुरकुरला होता, नक्को रे बाबा, मछली सरका मुँह हो जाता, पण नंतर तोच सगळ्यांत चांगलं बोलायला लागला. आजोबा आत घोरायचे, पडद्यावर बाँब फुटायचे आणि आम्ही तीन मासे ओठ हलवत बसलेले असायचो. काकूंना फार कौतुक वाटलं. दुसरा रिमोट तेव्हापासून कायमचा माझा झाला. हे कुठून शिकलास, असं अमोलनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, असंच, डोक्यात आलं.

ही लबाडी एकटी नव्हती. पहिल्याच दिवशी काकूंनी विचारलं होतं, वडील काय करतात. मी म्हणालो, एमआयडीसीत असतात. कशाची कंपनी? टॉवेलची. म्हणजे तुमचाच कारखाना का, त्या म्हणाल्या, आणि सरबताचा पेला माझ्या हातात दिला. मी पेल्यात बघितलं. नाही म्हणालो नाही, हो सुद्धा म्हणालो नाही. माणूस असा न बोलता खोटं बोलू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं आणि ते फार सोपं वाटलं. पुढं अमोलनं विचारलं, किती माग आहेत तुमचे, तर मी चोवीस म्हणालो. आकडा खरा होता. जूनच्या तोंडावर काकूंचा वाढदिवस होता म्हणून मी घरातून एक टॉवेल नेऊन दिला. किनारीला फणीत एक धागा चुकल्यामुळं तो डागी मालात निघाला होता आणि विणणाऱ्यालाच मिळाला होता. काकूंना ती चूक दिसली नाही. घरचा माल म्हणून त्यांनी तो शेजारच्या बाईंनाही दाखवला.

त्यानंतरचा तो दिवस. आम्ही कधी नव्हे ते सहाव्या स्टेजपर्यंत पोचलो होतो. माझ्या दोन जान शिल्लक होत्या, अमोलची एक. इरफान आमच्या मध्ये गुडघ्यांवर बसून खुणा करत होता. दाराशी काकू आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, मल्लिनाथ, तुला बोलवायला कुणीतरी आलंय. त्यांच्या मागं अप्पा उभे होते. सकाळची पाळी संपवून तसेच सायकलीवर आलेले. भुवया पांढऱ्या. पायजम्याला सायकलच्या चेनचं काळं. त्यांनी एक चप्पल बाहेर काढून एक पाय उंबऱ्याच्या आत ठेवला होता आणि ते माझ्याकडं नाही, पडद्याकडं बघत होते. चेहऱ्यावर काहीतरी घाबरल्यासारखं होतं, त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

अमोलनं माझ्याकडं बघून आवाज न काढता विचारलं, “कोण?”

आणि मी, अप्पांचाच मुलगा, अप्पांपासून आठ फुटांवर, आवाज न काढता, ओठ सावकाश आणि मोठे हलवून, त्यांनी शिकवलं होतं तसंच स्वच्छ म्हणालो, “मागावरचा माणूस. आमच्याकडं कामाला आहे.”

लोक मला विचारतील, तुला कळलं कसं नाही? मी स्वतःला हे इतक्या वेळा विचारलं आहे की उत्तर गुळगुळीत झालं आहे. त्या हॉलमध्ये ती भाषा आमची, खेळाची झाली होती. ती घरून आणली आहे हे मी दुसऱ्यांपासून लपवता लपवता स्वतःही विसरलो होतो. अप्पांना ऐकू कमी येतं एवढंच माझ्या डोक्यात होतं. म्हणून मी त्यांच्यापासून लपवायला नेमकी तीच भाषा वापरली, जी त्यांना आवाजापेक्षा चांगली कळत होती.

अप्पांची नजर पडद्यावरून माझ्या ओठांवर आली होती. कधी आली ते मला सांगता येत नाही. त्यांनी आत ठेवलेला पाय उचलून परत बाहेर घेतला आणि चप्पल घातली. मग आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात नाही, दबून, म्हणाले,

“मालकांनी बोलवलंय. वळसंगच्या बाई आल्यात, चारच्या यष्टीनं जायच्यात. चला तुमी.”

तुमी. माझ्या आयुष्यात त्यांनी मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. आमच्यात बाप पोराला तू म्हणतो, फार माया आली तर लेकरा म्हणतो आणि राग आला तर मल्ल्या. वळसंगच्या बाई म्हणजे त्यांची सख्खी बहीण, माझी आत्या. काकूंनी माणुसकीनं तांब्याभर पाणी आणून दिलं. अप्पांनी ते वरून, तांब्याला ओठ न लावता प्यायलं. काकू म्हणाल्या, तुमच्या मालकांना सांगा हं, टॉवेल फार छान निघाला, दोनदा धुतला तरी मऊच आहे.

“सांगतो की, बाई,” अप्पा म्हणाले.

मी रिमोट खाली ठेवला. इरफाननं तो लगेच उचलला, माझ्या दोन जान त्याच्या झाल्या. फाटकाबाहेर आल्यावर मी सवयीनं सायकलच्या कॅरियरकडं गेलो, पण अप्पांनी सायकल हातात धरून चालायला सुरुवात केली होती. मालकाचा मुलगा कामगाराच्या कॅरियरवर बसत नाही, हे त्यांनी माझ्या आधी ओळखलं होतं. काकू व्हरांड्यात उभ्या होत्या. अप्पा पुढं सायकल ढकलत आणि मी दोन पावलं मागं, असे आम्ही त्या उन्हात पाण्याच्या टाकीच्या वळणापर्यंत गेलो. वळण ओलांडल्यावर त्यांनी मागं वळून एकदा नीट बघितलं, बंगला दिसत नाही याची खात्री केली, सीटवर बसले आणि म्हणाले, “बस.” मी बसलो. त्यांच्या पाठीला घामानं शर्ट चिकटला होता. वाटेत मी काहीतरी बोलेन असं मला सारखं वाटत होतं. घर आलं.

घरी गेल्यावर त्यांचा आवाज परत मोठा झाला. मल्ल्या, पाया पड आत्याच्या. आत्यानं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. तिला अप्पांनी सांगितलं, ह्येच्या दोस्ताचा लई मोठा बंगला हाय, बाई लई चांगल्या हायत, मला पाणी दिलं. आईनं विचारलं, आत गेलता का? ते म्हणाले, न्हाय, पाय घाण हुते. एवढंच. त्यांनी आईला शेवटपर्यंत काही सांगितलं नाही, हे मला पक्कं माहीत आहे, कारण आईच्या पोटात काही राहत नसे.

यानंतर मी त्या घरी जाणं सोडलं असेल, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही तसं लिहायला आवडलं असतं. मी दुसऱ्याच दिवशी गेलो, दीड वाजता, नेहमीसारखा. अमोलनं विषयसुद्धा काढला नाही. त्याच्या दृष्टीनं काही घडलंच नव्हतं. खेळ रंगात असताना इरफाननं माझ्या गुडघ्याला कोपर लावलं. मी बघितलं तर तो ओठ हलवत होता, “अब्बा थे ना?” मी पडद्याकडं बघत राहिलो. चालण्यावरून ओळखलं असेल, कानांवरून ओळखलं असेल. अप्पांचे आणि माझे कान सारखेच बाहेर आलेले आहेत. त्यानं परत विचारलं नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. पण त्या दिवसापासून तो माझ्याशी मागावरचं बोलेनासा झाला. कुजबुजायचा, आजोबा उठले तरी चालतील अशा बेतानं.

तीन-चार दिवसांनी जेवताना अप्पांनी आपणहून विचारलं, तुमच्या त्या खेळाला आवाज नसतो व्हय रे? मी म्हणालो, असतो, पण आजोबा झोपलेले असतात म्हणून बंद करतो. त्यांनी घास खाली ठेवला.

“मला वाटलं कान गेले,” ते म्हणाले. “बंदुका चालाय लागल्यात आन् मला काय ऐकूच येईना. बाईचं बोलणं तेवढं बारीक येतंय. म्हटलं, झालं आता.” आणि ते हसले, बराच वेळ, सुटल्यासारखे. मग भाकरी चुरता चुरता म्हणाले, “तुमी पोरं मागावरचं बोलता की. बघितलं मी.”

म्हणजे दाराशी उभ्या असलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावरची भीती बंगल्याची नव्हती, काकूंची नव्हती. आपण पूर्ण बहिरे झालो असं त्याला त्याच क्षणी वाटलं होतं, आणि ते वाटत असतानाच त्यानं आपल्या पोराचे ओठ वाचले होते. मी तेव्हा चटणीत तेल घालत होतो. मी घालत राहिलो. माफी मागायला त्याहून चांगली जागा मला पुन्हा मिळाली नाही. वर्षभरात अमोलच्या वडिलांची बदली झाली, व्हिडिओ गेम त्यांच्याबरोबर गेला. मी दहावीला बोर्डात चांगला आलो, बारावीला आलो, शिक्षकांनी स्वतः धावपळ करून मला पुण्याच्या कॉलेजात आणि वसतिगृहात जागा मिळवून दिली. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. ज्यांनी ज्यांनी हात दिला त्यांची नावं मी या आठवणींच्या दुसऱ्या प्रकरणात लिहिली आहेत, आणि त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. पण ते उपकार लिहिताना मान वर राहते. हे लिहिताना राहत नाही.

वसतिगृहात पहिल्या वर्षी दिवाळीनंतर अप्पा मला भेटायला आले. आधी कळवलं नव्हतं. पहाटेच्या एसटीनं निघून, विचारत विचारत, कापडी पिशवीत कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी घेऊन. रविवार होता. खोलीत माझे दोन सोबती होते, एक वकिलाचा मुलगा, एक डॉक्टरांचा. दार उघडंच होतं. अप्पा दारात आले, इस्त्रीचा शर्ट, केस तेल लावून बसवलेले, फुसफुसीचा कण नाही. त्यांनी चपला काढल्या, पण उंबरा ओलांडला नाही. सोबत्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि आवाज न काढता, ओठ सावकाश हलवून विचारलं,

“हितं मी कोण?”

तो टोमणा होता का, हे मला आजही ठरवता येत नाही. त्यांच्या स्वभावात टोमणा नव्हता. मला वाटतं ते खरंच विचारत होते. पोराला अडचण होऊ नये म्हणून, कामगार व्हायचं असेल तर कामगार, गाववाला व्हायचं असेल तर गाववाला. मी उत्तर दिलं. बरोबर उत्तर दिलं. पण ते देण्याआधी मी एकदा माझ्या सोबत्यांकडं बघितलं. फार वेळ नाही, धोटा मागाच्या या टोकाकडून त्या टोकाला जातो तेवढाच. पण अप्पा जन्मभर तेवढ्याच वेळात तुटलेला धागा ओळखत आले होते.

“माझे अप्पा,” मी उठून मोठ्यानं म्हणालो, गरजेपेक्षा मोठ्यानं. दोघं सोबती उभे राहिले, एकानं खुर्ची दिली, दुसऱ्यानं पिशवी घेतली. अप्पा खुर्चीच्या कडेवर बसले. काका, तुम्ही काय करता, डॉक्टरांच्या मुलानं साधेपणानं विचारलं.

“मागावर हाय,” अप्पा म्हणाले. “टावेल काढतो.” आणि लगेच माझ्याकडं बघितलं, चालेल ना म्हणून.